साठ मीटरची अट: बोअरची खोली मोजायची की उपसा?

आंबिया बहार

वरुड तालुक्यात माझा सहा एकर संत्रा आहे. वडिलांनी शेंदूरजना घाटच्या पन्हेरीतून (रोपवाटिकेतून) कलमा आणून लावला, मी सांभाळतो. त्यांच्या वेळची विहीर पंचेचाळीस फुटांची. ती आधी होळीपर्यंत पुरायची, आता दिवाळीनंतर महिनाभरात तळ दिसतो. पहिला बोअर १८० फुटांवर लागला, काही वर्षांनी आटला. दुसरा ४०० वर घेतला. तिसऱ्याला तीन वर्षांपूर्वी ८५० फूट जावं लागलं, तेव्हा कुठे दीड इंच पाण्याची धार हाती आली.

महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा आहे, अंमल २०१४ पासून. शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला तो मनाई करतो. साठ मीटर म्हणजे सुमारे १९७ फूट. आमच्या भागात तेवढ्या खोलीवर आता नुसता धुरळा उडतो. म्हणजे माझ्यासारख्याला बागायत करायचीच असेल तर कायदा मोडल्याशिवाय गत्यंतर नाही. ज्यांनी आधी खोल बोअर घेतले ते उपसत बसले आहेत, आणि काल वाटणी होऊन वेगळा झालेला धाकटा भाऊ मात्र गुन्हेगार ठरतो.

संत्र्याचं झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं जातात. पाऊस हुकला म्हणून सोयाबीन पेरायचं टाळता येतं, बाग टाळता येत नाही. एका उन्हाळ्यात पाणी तुटलं की वीस वर्षांच्या झाडांचं सरपण होतं. आमच्या गावात ट्रॅक्टर भरभरून गेलेलं मी पाहिलंय.

अप्पर वर्धा धरण मोर्शीच्या दारात आहे. पण आमची वावरं वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. ते पाणी अमरावती शहराला जातं, नांदगावपेठच्या वीजप्रकल्पाला जातं, आमच्याकडे चढत नाही. मग आमच्या पायाखालचंही घ्यायचं नाही म्हणता, तर पर्याय द्या.

बंधन मला मान्य आहे. पण ते उपशावर घाला. दीडशे फुटांच्या विहिरीवर दोन मोटरी बसवून रात्रंदिवस पाणी ओढणारा कायद्यात बसतो आणि साडेआठशेवरून दीड इंच काढणारा बसत नाही, हे मला पटत नाही. जमीन माझी, सातबारा माझा, कर्ज माझं. तुमचं मत सांगा.

तूर-पऱ्हाटी

दादा, तुमचं दुःख खरं आहे. माझंही सांगते.

मोर्शी तालुक्यात आमचं तीन एकर. विहीर चाळीस फूट, सासऱ्यांनी खणली. तिच्यावर पऱ्हाटीला (कपाशीला) दोन पाणी आणि अर्ध्या एकरात हरभरा व्हायचा. शेजारच्या बागेत सातशे फुटांचा बोअर लागला. दुसऱ्याच हिवाळ्यात आमची विहीर पौषात आटली. हरभरा घाटे धरायच्या वेळेला वाळला. शेजारी वाईट माणूस नाही. त्याने त्याच्या बांधाच्या आत बोअर घेतला, सातबारा त्याचाच.

आता मी कुणाकडे जाऊ? तुमचा बोअर आटला तर तुम्ही तीनशे फूट आणखी खाली जाल. माझ्याकडे बोअरच्या गाडीला द्यायला पैसे नाहीत. खोलीवरची मर्यादा उठवली तर जो खोल जाऊ शकतो त्याचंच पाणी. सातबारा तर माझाही आहे ना?

पाटपाणी

ताईंचं ऐकून वाईट वाटलं, तरी मी धागा (ही चर्चा) काढणाऱ्या भाऊंच्या बाजूने आहे.

बंधनं नेहमी माळावरच्या माणसाला. आमच्याकडे कालव्याखाली ऊस आहे, मीही लावतो. पाटाचं पाणी सोडलं की सरी भरून वाहते, कुणी विचारत नाही किती घेतलं. आमच्या विहिरी आटत नाहीत, कारण कालव्याचा पाझर त्यांना मिळतो. धरण सरकारी, कालवा सरकारी, कारखाना सहकारी, आणि पाणी उधळायचा मान आमचा. स्वतःच्या पैशाने खडक फोडून पाणी काढणाऱ्याला मात्र दंडाची भीती.

लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच मराठवाड्यात ऊस उभा होता, साखर कारखाने उभे होते. त्यांना परवाने कुणी दिले? पीकपद्धत सरकारने घडवायची आणि शिक्षा बोअरवाल्याने भोगायची, हे मला मान्य नाही. आधी उसाला ठिबक सक्तीची करून दाखवा, माझ्यापासून सुरुवात करा, मग संत्र्याकडे वळा.

बांध आणि कोर्ट

वकिली करतो, घरची शेतीही आहे. हक्काबद्दल दोन्हीकडे गैरसमज दिसतो म्हणून लिहितो.

"जमीन माझी म्हणून खालचं पाणी माझं" याचा आधार १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात दिला जातो. आपल्या हद्दीत जमिनीखाली जे पाणी ठरलेल्या प्रवाहाने वाहत नाही ते गोळा करून वापरायचा जमीनमालकाला अधिकार आहे, असं त्यात आहे. त्या काळी पाणी मोटेने निघायचं. बैलांच्या जोडीला जितकं ओढवेल तितकीच त्या हक्काला मर्यादा होती. सबमर्सिबल पंप त्या कायद्याच्या स्वप्नातही नव्हता.

केरळात प्लाचीमडाला शीतपेयाच्या कारखान्यावरून हाच वाद न्यायालयात गेला. २००३ मध्ये एका न्यायमूर्तींनी भूजल ही जनतेची ठेव आहे, सरकार फक्त विश्वस्त, असा निकाल दिला. २००५ मध्ये त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरवला. म्हणजे प्रश्न अजून ओला आहे.

आपल्या राज्यात १९९३ चा कायदा होता, पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेता येत नसे. २००९ च्या कायद्याने त्यापुढे जाऊन सगळं भूजल कक्षेत आणलं. धागाकर्त्यांनी एक गोष्ट सोडली: त्या कायद्यात फक्त मनाई नाही. अधिसूचित (सरकारने तसं जाहीर केलेल्या) क्षेत्रात आधीच्या खोल विहिरींवर उपकराची तरतूद आहे, म्हणजे जुना बोअरवाला अगदी मोकळा सुटत नाही. आणि पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूद आहे. तिने पाण्याचा हिशेब मांडायचा, त्यावरून वापराचा आणि पिकांचा आराखडा करायचा. २०१८ मध्ये नियमांचा मसुदा हरकतींसाठी आला तेव्हा गावोगाव चर्चा झाली ती फक्त बंदीची, विहीर नोंदणीची आणि कराची. समितीबद्दल एकही हरकत मी स्वतः कुणाकडून ऐकली नाही. तिच्यात तुम्ही दोघं समोरासमोर बसला असता.

आंबिया बहार

@बांध आणि कोर्ट, समिती कागदावर आहे. आमच्या गावात ती बसलेली मी पाहिली नाही. डार्क झोनचा दाखला मात्र लगेच मिळतो: अनुदानाची विहीर मागायला गेलं की तालुका अतिशोषित आहे म्हणून अर्ज परत. अर्ज परत आला म्हणून बोअर थांबत नाहीत. गाडी रात्री येते, भाव जास्त लावते, पहाटे निघून जाते. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा बोअर होतो, गरिबाची विहीर राहते.

काळा पाषाण

भूजलाच्या सर्वेक्षणात बरीच वर्षं काम केलंय. आधी खडकाबद्दल, मग बाकीचं.

राज्याचा सुमारे ८२ टक्के भाग बेसाल्ट आहे. या खडकात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात (सच्छिद्र खडकात) आणि भेगांत. शंभर घनमीटर खडकात उपसता येण्याजोगं पाणी साधारण एक ते तीन घनमीटर. दोन धरू. एक हेक्टर बागेखालची पातळी एक मीटरने उतरली तर मिळतात २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी २७७ झाडं. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला ठिबकने रोज शंभर लिटर धरा, प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतं. दिवसाचे सत्तावीस हजार सातशे लिटर झाले. म्हणजे दोन लाख लिटर आठवड्यात संपले. पुढच्या आठवड्याचं पाणी कुठून येणार? आजूबाजूच्या वावराखालून. ताईंच्या विहिरीकडून.

म्हणून "माझ्या जमिनीखालचं पाणी" हा शब्दप्रयोग मला खटकतो. बागेला लागतं तेवढं पाणी त्या बागेखाली नसतंच.

खोलीचं बोलायचं तर सरकारचा साठ मीटरचा आकडा हवेतून आलेला नाही. दरवर्षीच्या पावसाने भरतो तो थर मुख्यतः वरचा. त्याखालच्या भेगांत जे आहे ते फार सावकाश भरतं. दुसरं असं की खोल बोअरला केसिंग (आत बसवलेला पाइप) बहुधा वरचे काही फूटच असतं. बोअर वाटेतले थर एकमेकांना जोडतो आणि वरच्या थरातलं पाणी खाली झिरपून जातं. मोटर बंद असतानाही. खोल बोअर हा शेजारच्या विहिरीच्या तळाला पडलेल्या भोकासारखा वागू शकतो.

आणि एवढं सांगूनही उपसा मोजायला हवा हे धागाकर्त्यांचं म्हणणं बरोबर आहे. वर्षाला जेवढं भरतं त्याच्या शंभर टक्क्यांवर उपसा गेला की अतिशोषित, ही तर सरकारचीच व्याख्या. ती उपशावर बेतलेली आहे. मग शेतकऱ्याला मात्र खोलीची अट का? कारण खोली तपासायला सोपी. खडकाचं कारण आहेच, पण हेही मोठं कारण.

नायगावचा पाहुणा

पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, ऊस नाही. पाण्याचा हक्क जमिनीवरून काढून माणसावर आणला. हिवरे बाजारमध्येही पोपटराव पवारांच्या पुढाकाराने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी बंद केली, पाऊस मोजून पिकं ठरतात. तिथे पोलीस लागला नाही. अध्यादेशापेक्षा ग्रामसभा भारी, हे दोन्हीकडे दिसलं.

पाटपाणी

प्रत्येक चर्चेत हिवरे बाजार येतंच. राज्यात चाळीस हजारांवर गावं आहेत, त्यांना तसा सरपंच कुठून आणायचा? शिवाय तिथे बोअरबंदी आधी झाली. भाऊंच्या गावात बाग आधी उभी आहे, तिच्यावर कर्ज आहे, मुलीचं लग्न आहे. उभी बाग तोडायला सांगणारी ग्रामसभा मी अजून पाहिली नाही.

शेततळे ३० बाय ३०

उपसा मोजणार कसा? साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीज २०२४ पासून मोफत आहे. सौरपंप बसला की सूर्य असेपर्यंत मोटर चालूच. मीटरकडे बघायचं कारण उरलं नाही. माझ्यावर कर्ज होतं म्हणून मला वीजमाफी हवीच होती, ती नको असं मी म्हणणार नाही. पण ती मिळाल्यापासून मी मोटर वेळेवर बंद करायला उठत नाही, हेही खरं.

आणखी एक. प्लास्टिक अंथरलेली शेततळी पावसाने भरायची म्हणून अनुदान मिळालं. आमच्या शिवारात बरीचशी बोअरने भरतात. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी वर काढून उघड्यावर ठेवायचं, अर्धंअधिक उन्हाने उडून जायचं. शेजाऱ्याने उपसायच्या आत आपण साठवून ठेवावं, ही त्यामागची भीती. मीही तसंच भरतो. मी थांबलो तर शेजारी थांबेल याची हमी मला कोण देणार?

आंबिया बहार

@काळा पाषाण, तुमचा आठवड्याचा हिशेब वाचून मी कागद घेऊन बसलो. माझी झाडं मोजून केला, तरी तेवढाच आला. साडेआठशे फुटांवरचं पाणी वेगळं आहे, त्याने कुणाची विहीर आटत नाही, असं बोअर घेताना मला सांगितलं होतं. मी ते धरून चाललो होतो.

तरी माझं म्हणणं सोडत नाही. साठ मीटरच्या अटीने ताईंची विहीर भरणार नाही. माझा बोअर उद्या बुजवला तर बाग जाईल, आणि पलीकडच्या चार बोअरवाल्यांना माझ्या वाट्याचं पाणी मिळेल. बंद करायचं तर सगळ्यांचं एका मापाने.

माझ्या हातात आहे ते सांगतो. मी आंबिया (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा) आणि मृग (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा) असे दोन्ही बहार घेतो, अर्ध्या बागेत हा, अर्ध्या बागेत तो. यापुढे सगळी बाग एकाच बहारावर आणतो. कोणता ठेवायचा ते पाणी बघून ठरवीन. त्यात माझं नुकसान आहे, व्यापारी दोन हंगामांत येतो तो एकदाच येईल. पण पलीकडच्या चौघांनीही हे करावं, नाहीतर माझं वाचवलेलं पाणी त्यांच्याच मोटरीतून जाईल.

तूर-पऱ्हाटी

दादा, एक बहार सोडणार म्हणालात, एवढं कुणी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. पण तुम्ही सोडलेलं पाणी खाली राहिलं की नाही हे कळणार कसं?

मी शिकलेली फार नाही, पण गेल्या दिवाळीपासून दर पौर्णिमेला विहिरीत दोर सोडते. दोराला फुटाफुटावर गाठ मारली आहे. दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला पाणी कठड्यापासून अठरा फुटांवर होतं. पौषात एकतीसवर. होळीला दोर कोरडा वर आला. पोराच्या जुन्या वहीत लिहून ठेवलंय. शेजाऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, आमची मोटर एवढी चालतच नाही. किती चालते ते मात्र त्याला सांगता येईना.

तुमच्या मोटरचे तास लिहिलेले आहेत का? माझी विहीर तुमच्यापासून लांब आहे, पण तुमच्या शेजारी कुणाची तरी उथळ विहीर असेलच. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघा.

आंबिया बहार

नाही ताई, लिहिलेले नाहीत. आमच्या खालच्या अंगाला एक विहीर आहे, त्यांच्याशी दोन वर्षांपासून बोलणं बंद आहे, पाण्यावरूनच. उद्या सकाळी जातो, दोर सोडू देतात का बघतो. आज रात्री दहाला लाईन येईल. मोटर दीड तास पाणी देते, मग भुसभुस हवा येते, चाळीस मिनिटं थांबावं लागतं. आज पहिल्यांदा घड्याळ घेऊन बसतो.