पैसा कुणाचाही असो, दिशा गावाची हवी
'पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं मुलांचं वंचितपण हटवणं सरकारचं काम, त्यात देणगीदार कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. पण ऑस्ट्रेलियातल्या बर्क गावचा, मुलांना गुन्हे आणि तुरुंगापासून दूर ठेवू पाहणारा मारंगुका उपक्रम बघा. दिशा तिथल्या आदिवासी परिषदेची, सोबत सरकार आणि देणगीदार संस्था. रोज सकाळी पोलीस, शाळा आणि गावातले कार्यकर्ते आदल्या २४ तासांत काय घडलं ते पाहतात. कुठल्या घरी मदतीला कोण जाणार, तिथंच ठरतं. विनापरवाना गाडी चालवली म्हणून पोरं कोर्टात उभी राहायची, तर त्यांना परवाना काढायलाच मदत केली! केपीएमजी या सल्लागार कंपनीच्या २०१८च्या अहवालानुसार घरगुती हिंसाचाराच्या नोंदी २३ टक्क्यांनी घटल्या, मुलं बारावीपर्यंत शाळेत टिकण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी वाढलं. देणगीदार लागतात ते सुरुवातीला. नुसतं गावाचं ऐकून घेण्यात वर्षं जातात, आणि त्यासाठी सरकारी योजनेत तरतूद क्वचितच असते.