मदत हवी आहे: जिप्सीने अक्राणीत तीन मुक्काम, गाडी एकच आणि सोबत वडील

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धुळ्याहून शहादा, तोरणमाळ, धडगाव (म्हणजे अक्राणी तालुक्याचं गाव), मोलगी, अक्कलकुवा आणि तळोदा-प्रकाशामार्गे परत असा फेरा ठरवतोय. तीन रात्री, चार माणसं: मी, बायको, आतेभाऊ आणि वडील. दिवाळी मुद्दाम टाळली, कारण धनत्रयोदशीपासून सातपुड्यातल्या अस्तंबा शिखराची यात्रा असते. त्या दिवसांत ती वाट यात्रेकरूंची, आपण गाडी घेऊन मध्ये शिरू नये.

लॉजवर राहायचं नाही. पाणी, स्वयंपाक, झोपणं सगळं आपलं आपण. हे वडिलांसाठी आहे. ते एसटीत ड्रायव्हर होते, धडगाव-मोलगीकडच्या मुक्कामी गाड्या त्यांनी बरीच वर्षं चालवल्या. शेवटच्या थांब्यावर गाडी उभी केली की टपावर पथारी टाकायची आणि लांबच्या पाड्यावरचा ढोल ऐकत झोपायचं, हे त्यांनी मला लहानपणापासून सांगितलंय. आता वय ६९, शुगर आहे, दोन वेळा इन्सुलिन लागतं. त्यांना त्या डोंगरात आणखी एक रात्र काढायची आहे आणि मला ती नीट घडवायची आहे.

गाडी २००९ ची पेट्रोल जिप्सी, फोर बाय फोर, सेकंडहँड घेतलेली. पाटे आणि शॉकॲब्सॉर्बर नुकतेच बदलले.

आता माझी खरी भीती सांगतो. गेल्या ऑगस्टमध्ये शिरपूरकडे एका गाडीवाटेवर अडकलो होतो. आदल्या रात्री पाऊस झालेला, जमीन काळी. शंभर फुटांत टायरच्या खाचा मातीने भरून गेल्या आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. जॅक लावला. त्याचा तळ बशीएवढा. दांडा मारत गेलो तशी गाडी वर येईना, जॅकच खाली चालला, शेवटी अर्धा मातीत. शेजारच्या शेतातले काका ट्रॅक्टर घेऊन आले. आल्याआल्या म्हणाले, "भाऊ, हाई काई माटी शे, पानी लागनं का धरी लेस." मी दोर बंपरला बांधत होतो, त्यांनी हात धरून थांबवलं आणि चेसिसच्या हुकात अडकवायला लावला. दहा मिनिटांत गाडी बाहेर. पैसे घेतले नाहीत, चहा पाजून पाठवलं. त्या दिवशी काका शेतात नसते तर? आणि सोबत वडील असते तर?

तेव्हापासून गाडीत जॅकखाली ठेवायला सागाची दीड फूट फळी, फावडं, ओढायचा पट्टा आणि तो अडकवायला दोन शॅकल (लोखंडी कड्या) कायम असतात. हवा भरायचा बारा व्होल्टचा पंपही घेतला. वाळूत टायरची हवा अठरा पीएसआयवर आणली की जिप्सी चांगली चालते हे तापीच्या पात्राजवळ पाहिलंय, पण धारदार दगडांच्या चढावर इतकी कमी हवा ठेवली तर टायरची बाजू कापेल असं वाटतं. तिकडच्या दगडात तुम्ही किती ठेवता?

वजनाचा हिशोब असा. पाणी माणशी रोज पाच लिटर धरलं तर तीन दिवसांचं साठ लिटर, म्हणजे साठ किलो. टाकी चाळीस लिटरची. एकूण फेरा चारशे किलोमीटरच्या आसपास. डांबरावर दहाचं ॲव्हरेज, घाटात आणि लो गिअरमध्ये पाच-सहा. शहाद्याला टाकी फुल करणारच, तरी वीस लिटर जादा असावं असं वाटतं. प्लास्टिकच्या डब्यात पेट्रोल घ्यायचं नाही हे पक्कं. लोखंडी जेरीकॅन घेतला तरी तो ठेवायचा कुठे? आत ठेवला तर वास आणि वाफ, वडिलांना त्यातच बसावं लागणार. मागच्या दाराला लावला तर कुणी मागून ठोकलं की संपलं. टपावर ठेवला तर वजन वर जातं आणि जिप्सी आधीच उंच, आडव्या उतारावर कलते. पाण्याचे कॅन पुढच्या सीटमागे फळीवर, तळाशी, पट्ट्याने घट्ट बांधणार आहे. पेट्रोलचं मात्र कळत नाही. पेट्रोलवाल्या गाड्यांनी हे कसं सोडवलं?

दुसरी काळजी थंडीची. मोलगी भागातल्या डाब गावाकडे कडाक्याच्या थंडीत दव गोठतं. इन्सुलिन गोठलं की फेकावंच लागतं, म्हणून पेन रात्री वडिलांच्या गोधडीत ठेवायचं ठरवलंय आणि दुसरं पेन माझ्या अंगावरच्या खिशात. दिवसा उन्हात बंद गाडीत ठेवायचं नाही, एवढंही पाळू. अशा प्रवासात कुणी इन्सुलिन नेलं असेल तर अनुभव सांगा.

जेवणाचा प्रश्न सुटलाय. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून द्यायचं कबूल केलंय, एक रात्र खिचडी आणि एक रात्र वांग्याचं भरीत. वांगी गॅसवरच भाजणार. जंगलात चूल पेटवणार नाही, राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे आणि नोव्हेंबरात गवत वाळायला लागलेलं असतं. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरायचं नाही हेही ठरलेलं. मुक्काम पाड्यावर, पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना विचारून, ज्याची जागा त्याच्या होकाराने. पावरी किंवा भिलोरी आमच्यात कुणालाच येत नाही, वडिलांना थोडी कळते. त्यांच्याबरोबर आधी जाऊन बोलून यावं की त्याच दिवशी विचारलं तरी चालतं?

तोरणमाळहून धडगावच्या बाजूला उतरताना पावसाळ्यानंतर जिप्सीला अडचण येईल असा टप्पा आहे का, हे तिकडच्या लोकांनी कृपया सांगावं. असेल तर मी शहाद्याला परत उतरून म्हसावदवरून धडगावला जाईन, हट्ट करणार नाही. देवगोई घाटाची सध्याची अवस्थाही कळली तर बरं.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न. वडील सोबत असताना एकट्या गाडीने जावं का? आतेभाऊ म्हणतो रस्ते आता बरेच झालेत, जाऊ. माझं मन होत नाही. धुळे, शहादा, नंदुरबार भागातलं कुणी दुसरी फोर बाय फोर घेऊन येणार असेल तर तारीख दोन-चार दिवस मागेपुढे करायला तयार आहे. पेट्रोल-जेवणाचा खर्च वाटून घेऊ. दुसरी गाडी नाहीच मिळाली तर कच्ची वाट सोडून डांबरानेच जाईन, मुक्काम तेच ठेवीन. वडिलांना तसं सांगितलं, तर म्हणाले, मी तिथं डांबर नसताना बस नेलीय, तू नीट चालव म्हणजे झालं.