स्प्रिंटचा अंदाज बांधता येतो, मग अपघाताच्या जागेचा का नाही?

वाऱ्याआड
सायकल शर्यतीतल्या सपाट टप्प्याचा शेवट कसा होणार, हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं. ब्रेकअवे, म्हणजे घोळक्यातून सुटून पुढे गेलेला छोटा गट, टिकेल का, यासाठी फ्रेंच समालोचक रॉबेर शापात यांचा जुना आडाखा अजूनही कामाला येतो: दर १० किमीला १ मिनिटाची आघाडी हवी. ५ किमी बाकी असताना हाती २० सेकंदच असतील आणि मागे दोन-तीन स्प्रिंटर संघ घोळक्याला ओढत असतील, तर ब्रेकअवे सापडलाच म्हणून समजा.

मग माणसं मोजायची. ताशी ६५ किमी वेगाने शेवटचा किलोमीटर ५५ सेकंदांत संपतो. त्या वेगाने तोंडावर वारा घेत पुढे राहणं एकाला १५-२० सेकंदच जमतं. म्हणजे शेवटचा किलोमीटर दाखवणाऱ्या लाल कमानीखाली स्प्रिंटरच्या पुढे स्वतःचे तिघे हवेत. एकच उरला असेल तर दुसऱ्या संघाच्या आडोशाला जाणं बरं. वारा समोरून असेल तर १५० मीटरच्या आधी बाहेर पडू नये. पाठीमागून असेल तर २५० वरूनही निभतं. शेवटचं वळण ३०० मीटरच्या आत असेल, तर वळणातून बाहेर पडतानाचा क्रम हाच बहुतेक वेळा निकाल.

आता मुद्दा. हाच हिशोब रस्त्याच्या नकाशावर मांडून अपघातालाही लावा, धोक्याच्या जागा लाल रंगवा. ९ मीटर रुंद रस्त्यावर साधारण १२ जण शेजारी-शेजारी मावतात. दुभाजकामुळे रस्ता ६ मीटरचा झाला की ८. उरलेल्या चौघांना ब्रेक लावावाच लागतो, तो धक्का मागे जाताना वाढत जातो आणि पडतो तो तिसाव्या-चाळिसाव्या जागेवरचा, ज्याला दुभाजक दिसलेलाही नसतो. धोका रस्त्यात असतो, आणि रस्ता कित्येक महिने आधी ठरलेला असतो.

पोलंडच्या शर्यतीतलं कातोवित्से, ५ ऑगस्ट २०२० आठवा. उतारावरचं फिनिश, वेग ताशी ८० किमीच्या आसपास, स्प्रिंटर याकोब्सन थेट कठडे उधळत पलीकडे. तिथे कधीतरी असं होणार, हे रस्ता पाहूनच कळत होतं.

कठड्यापलीकडे
साफ अमान्य. कातोवित्सेत प्रतिस्पर्धी स्प्रिंटर ख्रूनवेगनने आपली सरळ ओळ सोडली आणि याकोब्सनला कठड्याकडे दाबलं. त्यासाठी त्याला नऊ महिन्यांची बंदी झाली. उतार कोणाला ढकलत नाही.

पडण्याची क्रिया जवळून बघा. मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला समांतर आलेलं असतं, वीतभर आत. पुढचा जरा सरकला की चाकं घासतात. पुढच्याचं मागचं चाक सावरतं, मागच्याचं हँडल मात्र हातातून जातं. चूक एकाची, पडतो दुसरा. ही वीतभर घुसखोरी कुठल्या नकाशात दाखवणार?

आणि २०२५ च्या तूरचा (तूर द फ्रान्सचा) तिसरा टप्पा? डंकर्कला फिनिश होतं. स्प्रिंटर फिलिप्सन पडला तो साधारण ६० किमी आधी, वाटेतल्या मधल्या स्प्रिंटच्या वेळी. तुमच्या नकाशात लाल रंग शेवटच्या ३ किमीला लागला असता.

साखळी_घट्ट
मधली स्प्रिंट हीसुद्धा स्प्रिंटच. तिथे गुण असतात, तिची जागा रूटबुकात छापलेली असते. लाल रंग तिथेही लावायचा. हे उदाहरण वाऱ्याआड यांच्याच बाजूने जातं.

मला जास्त खटकतं ते ‘सपाट म्हणजे घोळक्याची स्प्रिंट’ हे गृहीत धरणं. त्याच तूरचा लीलचा पहिला टप्पा सपाटच होता. बाजूच्या वाऱ्याने घोळका फुटला, एकूण विजेतेपदाचे दावेदार एवनपूल आणि रॉग्लिच यांचे ३९ सेकंद गेले. वाऱ्याचा वेग नुसता बघून भागत नाही. रस्ता कुठे वळून वाऱ्याला आडवा होतो आणि तिथे शेतं आहेत की झाडी, तेही पाहावं लागतं.

शेवटचा_किमी
तुम्ही तिघेही एक गोष्ट सोडताय: नियम. शेवटच्या ३ किमीत पडलं किंवा पंक्चर झालं, तर ज्या गटात होतात त्याची वेळ मिळते. त्यामुळे एकूण वर्गवारीचे (सगळ्या टप्प्यांच्या एकत्रित वेळेचे) दावेदार ती ३ किमीची रेषा येईपर्यंत पुढेच राहतात, आणि स्प्रिंटरांना पुढे नेणाऱ्या साथीदारांच्या रांगाही नेमक्या तिथेच पुढे येतात. २०२१ च्या तूरला पाँतिव्हीच्या टप्प्यात रॉग्लिच सुमारे १० किमी आधी पडला, स्प्रिंटर यूअन शेवटच्या काही मीटरांत. दुसऱ्या दिवशी खेळाडूंनी सायकलवरून उतरून निषेध केला. आता आयोजकांनी मागितलं तर ही हद्द ५ किमीपर्यंत वाढवता येते. सगळ्याच स्प्रिंट टप्प्यांना ती ५ करून टाकावी.

कठड्यापलीकडे
त्याने काय होणार? तीच रेटारेटी दोन किमी अलीकडे. शिवाय रॉग्लिच त्या ५ किमीतही बसत नाही.

वाऱ्याआड
सरसकट ५ केली तर रेटारेटी नुसती सरकेल, हे मान्य. म्हणून हद्द आकड्याने ठरवू नये, रस्ता बघून ठरवावी. शेवटचा अरुंद भाग ४.२ किमीवर असेल, तर रेषा त्याच्या अलीकडे, रुंद सरळ रस्त्यावर आखा. दावेदारांना तिथे बाजूला व्हायला जागा मिळते आणि अरुंद भागात लढायला माणसं कमी उरतात. ओळ सोडणारा कोण, हे मला सांगता येणार नाही. पण त्याने ओळ सोडली की दुसरा कशावर आदळेल, हे आयोजकाच्या हातात आहे: कठड्यांचे पाय रस्त्यावर आलेले नकोत, त्यांचा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला कललेला हवा, आणि जोडांना फट नको.