इंजेक्शनाविना बाळंतपण : तुमचा अनुभव सविस्तर सांगा

पेढे वाटताना आपण बाळाचं वजन सांगतो, वेळ सांगतो. कळा सुरू झाल्यापासून सुटका होईपर्यंत बाईनं काय काय केलं, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. कळा वाढवायचं औषध किंवा एपिड्यूरल (कळांची वेदना बधिर करायला पाठीत देतात ते इंजेक्शन) न घेता ज्या बाळंत झाल्या त्यांनी लिहा. तसं ठरवलं होतं पण ऐनवेळी औषध घेतलं, सिझर झालं, त्यांनीही लिहा. एकच विनंती, कुणाच्या निर्णयावर शेरे नकोत. सुरुवात मी करते.

पुणे, दुसरी खेप

पहिल्या वेळी गर्भाशयाचं तोंड चार सेंमी उघडलं होतं तेव्हाच दाखल करून घेतलं, सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं आणि कुशीवर पडून राहायला सांगितलं. कळा एकीवर एक यायला लागल्या, मध्ये श्वास घ्यायला उसंत नाही. आई बाहेर बाकड्यावर. बाळ सुखरूप आलं, पण तो एकटेपणा अंगात राहून गेला.

दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यातच नव्या डॉक्टरांना विचारलं : कळांमध्ये हिंडूफिरू द्याल का, सोबत कुणाला राहू द्याल का, गरज नसेल तर बाळाची वाट मोठी करायला खाली देतात तो छेद टाळाल का? तिन्हीला हो म्हणाल्या. आणि बजावलंही, बाळाचे ठोके उतरले किंवा बाळाभोवतीचं पाणी हिरवट आलं तर मी सांगेन तेच करायचं. मला ते पटलं.

पहाटे कळा सुरू झाल्या तरी घरीच राहिले. मोठ्याचा डबा भरला, मग न्हाणीघरात स्टुलावर बसून कमरेवर गरम पाणी घेत राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या सूचनांत जोमदार कळांचा टप्पा ५ सेंमीपासून धरलाय, आणि तासाला १ सेंमी उघडायलाच हवं असा हिशेब लावू नये असंही सांगितलंय. डॉक्टरांनी हे आधीच समजावलं होतं, म्हणून थांबायचा धीर आला.

दवाखान्यात पोचले तेव्हा सहा सेंमी झालं होतं. पुढचा सगळा वेळ खाटेच्या कठड्याला धरून उभी. कळ माकडहाडापासून निघून दोन्ही मांड्यांत उतरायची. बहिणीनं तळहातांनी कंबर दाबून धरली की सोसवायची, हात जरा सैल पडला की मी ओरडायची. दातओठ आवळले की खालचं अंगही आवळतं, म्हणून सिस्टर सारख्या 'जबडा सोड, जबडा सोड' म्हणत होत्या. त्यांच्या त्या दोन शब्दांनी मला जेवढी मदत केली तेवढी कुठल्या प्राणायामाच्या वर्गानं केली नाही.

मग अंग थरथरायला लागलं, उलटी झाली. म्हटलं, मला नाही होत आता, सिझर करा. डॉक्टर म्हणाल्या, "असं म्हणायला लागलीस ना, म्हणजे जवळ आलं." थोड्याच वेळात कळांचं रूप पालटलं आणि जोर आपोआप लागायला लागला, थांबवू म्हटलं तरी थांबेना. मी गुडघ्यांवर, पुढे उशीवर ओणवी. डोकं येताना नुसती आग. तिथं जोर थांबवून फुंकर मारायला लावली आणि गरम पाण्यात पिळलेला कपडा धरून ठेवला. टाका एकच पडला. बाळ छातीवर दिलं, नाळ लगेच कापली नाही. मी बोट लावून पाहिलं : जाड, निळसर, वळणावळणाची, आणि आत ठोके चालू.

रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन बाळ झाल्याबरोबर मांडीत घेतलं. इतर औषधांना नाही म्हणणाऱ्यांनीही त्याला नाही म्हणू नका, ही कळकळीची विनंती.

रत्नागिरीकडची, आता आजी

माझी सगळी बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातची. माजघराशेजारच्या खोलीत आढ्याला दोर बांधला होता, त्याला धरून उकिडवी बसले. सासूबाई पाठीला गुडघा लावून मागे. सुईणीचा हात हलका होता, घाई कधी केली नाही. पण त्याच काळात वाडीतली एक लेकुरवाळी वार अडकून गेली. डोलीत घालून रस्त्यापर्यंत न्यायच्या आतच. त्यामुळे पूर्वीचं सगळं चांगलं असं कुणी म्हणालं की मला ती आठवते. सुनेला मी दवाखान्यातच पाठवलं, फक्त सांगून ठेवलं, तिला एकटी सोडू नका.

आइंडहोवन, नेदरलँड्स

इथे गुंतागुंत नसेल तर सगळं सुईणच बघते, आणि घरी बाळंत होणं आजही रीतसर चालतं. माहेरी फोनवर सांगितलं तर आईचा रडायचा आवाज. तयारीची यादी येते. पलंग ८० सेंमी उंच हवा, म्हणजे वाकून मदतनिसांची पाठ जाऊ नये. त्यासाठी पायांखाली ठोकळे भाड्यानं मिळतात. बाळाच्या अंथरुणासाठी गरम पाण्याच्या पत्र्याच्या बाटल्या.

मी बसले होते खाली भोक असलेल्या बुटक्या स्टुलावर, नवऱ्यानं मागून काखेत हात घालून धरलं होतं. सुईण जमिनीवर मांडी घालून समोर, हातात टॉर्च आणि आरसा. कळेकळेनंतर बाळाचे ठोके ऐकायची, बाकी गप्प. दवाखाना अगदी जवळ आणि कधीही हलवायची तयारी, म्हणून मी निर्धास्त होते. नंतर आठवडाभर रोज घरी बाई येते : बाळंतिणीचे टाके बघते, बाळाला तोलते, अंगावर पाजायला शिकवते, मोठ्या मुलाला खाऊ घालते. आई पोचली तेव्हा त्या डच बाईनं अळिवाचा लाडू आवडीनं खाल्ला. आपल्या सव्वा महिन्याची व्यवस्था इथे विम्यातून मिळते, हे पाहून आईचा राग गेला.

ठाणे

मी औषध न घेण्याचं ठरवलं होतं. रात्र गेली, दिवस गेला, पाच सेंमीवरच अडले. बाळाचं तोंड वरच्या बाजूला होतं, सगळी कळ पाठीत. एपिड्यूरल घेतलं, दोन तास झोपले, उठून जोर लावला, मुलगी झाली. मला त्या झोपेचं समाधान आहे. एवढंच लिहायचं होतं.

ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका

आमच्याकडे एपिड्यूरल द्यायला भूलतज्ज्ञ नसतो, त्यामुळे इथे येणाऱ्या बायका कळा पूर्ण सोसूनच मोकळ्या होतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. मी स्वतःही अशाच दवाखान्यात बाळंत झाले, आणि टेबलावर उताणी पडून सोसणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे.

केंद्र सरकारनं २०१६ साली सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. ती स्वतः बाळंत झालेली असावी, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबावं, आमच्या कामात आणि दुसऱ्या पेशंटच्या बाबतीत मध्ये पडू नये. ठिकठिकाणी हे अजून होत नाही. पण नाव घालतानाच "सोबत कुणाला आणू?" असं विचारलंत तर सिस्टरलाही तजवीज करता येते. सोबतीणीनं पाण्याची बाटली, सुती साडी आणि जाडसर पंचा घेऊन यावं.