पत्रांतली गर्न्सी जरा जास्तच गोड झाली आहे का?

वाचनवेल (चर्चाप्रस्ताव)

मेरी अ‍ॅन शॅफर आणि अ‍ॅनी बॅरोज यांची 'द गर्न्सी लिटररी अँड पोटॅटो पील पाय सोसायटी' ही २००८ सालची कादंबरी सगळी पत्रांतूनच उलगडते. जानेवारी १९४६मध्ये गर्न्सी बेटावरच्या डॉसी नावाच्या शेतकऱ्याच्या हाती इंग्रज निबंधकार चार्ल्स लँबचे एक जुने पुस्तक लागते, त्यावर लंडनच्या ज्युलिएट या लेखिकेचे नाव आणि पत्ता असतो, आणि तिथून पत्रव्यवहार सुरू होतो. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या खाडीतल्या या बेटावर ३० जून १९४० ते ९ मे १९४५ जर्मनांचा ताबा होता. संचारबंदीत चोरून डुकराचे मटण खाऊन परतताना पकडले गेलेले लोक 'आम्ही वाचक मंडळाच्या बैठकीला गेलो होतो' अशी थाप मारतात आणि मग ती निभावण्यासाठी खरोखरच वाचू लागतात, ही कल्पना मला मनापासून आवडली.

माझा आक्षेप वेगळा आहे. सारी पत्रे युद्ध संपल्यानंतरची असल्यामुळे ताबा हा पत्रे लिहिणाऱ्यांच्या लेखी सरलेला, रंगवून सांगण्याजोगा भूतकाळ होतो. त्यात ज्युलिएटला पत्र लिहिणारा जवळपास प्रत्येक जण मिश्कील आणि निर्मळ मनाचा, त्यामुळे पाच वर्षांची दहशत वाचताना ती एखाद्या लाघवी नातेवाइकाने जेवणानंतर सांगितलेल्या आठवणींसारखी वाटते. या विषयाला पत्रांचा घाट सोयीचा ठरला, पण न्याय्य ठरला नाही, असे माझे मत आहे.

जुना टाक

मला हे मुळीच पटत नाही. गर्न्सीच्या बाबतीत पत्र हा केवळ लेखनाचा घाट नाही, कारण ताब्याच्या काळात तिथल्या माणसांपासून हिरावले गेले ते नेमके पत्रच होते. जून १९४०मध्ये हजारो मुलांना घाईघाईने बोटींवर चढवून इंग्लंडला पाठवले गेले. त्यानंतर टपाल बंद झाले आणि पुढे रेडक्रॉसमार्फत जी काही खुशाली कळे ती पंचवीस शब्दांच्या निरोपातून, तोही सेन्सॉरच्या हातून जाऊन महिनोन्‌महिने उशिरा पोहोचलेला. जून १९४२मध्ये रेडिओ जप्त झाले. आपला नातू कसा दिसतो हेही ज्यांना पाच वर्षे ठाऊक नव्हते, त्या माणसांना कोणी ऐकणारे भेटल्यावर ती भरभरून लिहिणारच. हा बोलघेवडेपणा मला त्या उपासमारीचाच परिणाम वाटतो.

शिवाय सगळे गोड कुठे आहे? ती थाप मारून मंडळाला जन्म देणाऱ्या एलिझाबेथने टॉट या जर्मन बांधकाम संघटनेच्या वेठबिगारीतून पळालेल्या पोलिश मुलाला आसरा दिला, म्हणून तिला राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत धाडले गेले. तिथे तिला मारल्याची बातमी मंडळाला कळते ती तिच्यासोबत छावणीत असलेल्या, मंडळातील कोणीही कधी न पाहिलेल्या एका मुलीच्या पत्रातून. युरोपातल्या किती घरांना आपल्या माणसाचा शेवट असाच कळला असेल! तो प्रसंग थेट दाखवला असता तर तो इतका खरा वाटला नसता.

खारा वारा

मी दोघांशीही थोडा असहमत आहे. गोडवा मला चालतो, कारण भुकेचे तपशील त्यात नीट उतरले आहेत. नावातल्या 'पोटॅटो पील पाय' या भाजलेल्या पदार्थाच्या आत कुस्करलेला बटाटा, साखरेऐवजी बिटाचा गोडवा आणि वर कवच म्हणून बटाट्याच्या साली, ही पाककृती विनोदी आहे, पण ती विनोद म्हणून जन्मलेली नाही. १९४४च्या उन्हाळ्यात दोस्त सैन्याने समोरचा फ्रेंच किनारा घेतल्यावर बेटाची रसद तुटली. रेडक्रॉसचे 'वेगा' जहाज २७ डिसेंबरला गर्न्सीच्या सेंट पीटर पोर्ट बंदराला लागले, तोवर लोक आणि जर्मन शिपाई दोघेही भुकेने खंगले होते.

मला खटकते ते या पत्रव्यवहारातून कोण गळले आहे हे. ज्यूविरोधी आदेश गर्न्सीच्या स्वतःच्या रॉयल कोर्टात रीतसर नोंदवले गेले. बेटावर राहिलेल्या तेरेझा श्टाइनर, ऑगुस्टे श्पिट्झ आणि मारियाने ग्रुनफेल्ड या तिघी ज्यू स्त्रिया एप्रिल १९४२मध्ये फ्रान्सला नेल्या गेल्या आणि पुढे ऑशविट्झमध्ये मारल्या गेल्या. ज्या कारकुनांनी ज्यू रहिवाशांच्या याद्या केल्या, ज्यांनी सह्या केल्या, त्यांच्यापैकी एकाचेही पत्र ज्युलिएटला येत नाही.

जुना टाक

अशी माणसे लंडनच्या लेखिकेला आपण होऊन का लिहितील? आणि विरोधी सूर अजिबात नाही असेही नाही. अ‍ॅडलेड अ‍ॅडिसनची पत्रे पाहा. तिला हे मंडळ म्हणजे उनाडांचा अड्डा वाटतो आणि जर्मन अधिकाऱ्यापासून मूल झालेल्या एलिझाबेथविषयी ती विष ओकते. युद्धानंतरच्या गर्न्सीत अशा बायका घरोघरी होत्या, असे मानायला हरकत नाही.

वाचनवेल

अ‍ॅडलेडचा दाखला माझ्याच बाजूने जातो. लेखिकांनी तिला इतके हास्यास्पद केले आहे की तिचे म्हणणे वाचकाला गंभीरपणे घ्यावेच लागत नाही. जर्मन कप्तानावर एलिझाबेथचे प्रेम होते, हा या कादंबरीतला सर्वांत अवघड धागा. म्हणून कप्तान ख्रिश्चन हा भला डॉक्टर निघतो आणि पुढे समुद्रात बुडून मरतो, म्हणजे १९४६मध्ये त्याला कोणी जाब विचारायला नको. 'खारा वारा' यांचा मुद्दा मी यालाच जोडेन. आपण होऊन कोणी लिहिणार नाही हे मान्य, पण ज्युलिएट पत्रकार आहे आणि ती स्वतः बेटावर जाऊन राहते. तिने रॉयल कोर्टाच्या एखाद्या कारकुनाला दोन ओळी लिहून प्रश्न विचारला असता आणि त्याचे तीन ओळींचे टाळाटाळीचे उत्तर छापले गेले असते, तर मी हा प्रस्ताव मांडलाच नसता.