नकाशावरचं प्रत्येक प्रश्नचिन्ह पुसायलाच हवं का?

तापीकाठ (भुसावळ):
मे महिन्यात आपल्याकडे दुपारी बाहेर पडायची सोय नसते. कूलरसमोर बसून ‘विचर ३’ हा गेम पुन्हा लावला आणि त्यातल्या स्केलिगे बेटांवर अडकलो. नकाशावर समुद्रभर प्रश्नचिन्हं, म्हणजे अजून न पाहिलेल्या जागांच्या खुणा. प्रत्येकासाठी होडी हाकायची, अंगावर येणाऱ्या सायरन (पंखवाल्या राक्षसिणी) पाडायच्या, बुडी मारून पेटी उघडायची, आत तोच फुटकळ माल. चार दिवस हेच केलं. पाचव्या दिवशी गेम सुरू केला, होडीत बसलेल्या नायकाकडे, गेराल्टकडे बघितलं आणि बंद केला. दीड महिना हात लावला नाही. लेकीसारख्या सिरीला शोधायला निघालेला माणूस, आणि मी त्याला पेट्या गोळा करायला लावलं होतं.

आपण थकतो ते खेळ मोठा असतो म्हणून नाही. नकाशाची हजेरी घेत बसतो म्हणून थकतो. डिसेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये नकाशाला नवा फिल्टर आला, त्यात ही प्रश्नचिन्हं लपलेली असतात. नव्याने खेळणाऱ्याने तोच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

केळीबाग (रावेर):
नाही पटलं भो. आमच्या शेताला आठवडाभर रात्रीची लाईट असते. मोटर चालू करायला बारापर्यंत जागावं लागतं. दिवसभर राबल्यावर त्या वेळी मला कथा झेपत नाही, कोण कोणाचा राजा ते डोक्यात राहत नाही. होडी, पाणी आणि एकेक पेटी, एवढंच बरं वाटतं. केळीची पिलं काढताना ओळीमागून ओळ संपते, तेव्हा जे समाधान मिळतं, तेच. शिवाय वर्षाला एकच गेम घेतो, तोही सेलमध्ये. त्यातला अर्धा सोडून का देऊ?

तापीकाठ:
भाऊ, तुम्हाला त्यात विसावा मिळतो, तर प्रश्नच नाही. मी बोलतोय ते मन नसताना ओढत राहण्याबद्दल. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ गेममध्ये जागोजागी लपवलेल्या कोरोक बिया ९०० आहेत. हेस्टू नावाच्या पात्राला त्यातल्या ४४१ दिल्या की सामानाच्या सगळ्या जागा मिळून जातात. सगळ्या ९०० दिल्यावर जी भेट मिळते, तिचा उपयोग एकच: हेस्टूचा नाच हवा तेव्हा बघता येतो. बनवणाऱ्यांनी याहून स्पष्ट काय सांगायचं?

केळीबाग:
बक्षिसासाठी करतंय कोण? त्या बिया शोधताना डोंगर चढलो, ते फुकट गेलं असं मला वाटत नाही.

रात्रीचा_एक_तास (जळगाव):
तुम्ही दोघंही सलग खेळणारे. मुलगी झोपल्यावर मला एक तास मिळतो, तोही रोज नाही. माझा थकवा वेगळाच आहे: पंधरा दिवसांनी परत आलं की काही आठवत नाही. आणि दादा, खुणा कमी म्हणजे ताण कमी, हे मला पटत नाही. ‘एल्डन रिंग’मध्ये कामांची यादीच नाही. तो मी दोनदा सोडला.

तिसऱ्यांदा मुलीच्या जुन्या वहीची कोरी पानं घेतली. पहिली नोंद अजून आहे: “पूल ओलांडला की आंधळी मुलगी, इरीना. तिचं पत्र मॉर्न किल्ल्यात वडिलांना.” उठताना दोन ओळी लिहायच्या आणि उद्या काय करायचं ते ठरलेलं असतानाच उठायचं. कंटाळा येईपर्यंत खेळलं की दुसऱ्या दिवशी गेम उघडावासाच वाटत नाही.

लळिंगचा_वारा (धुळे):
ताईंची वही मान्य. पण तापीकाठचंही खरं आहे. २०१४ चा ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ मी हिंटरलँड्समध्येच सोडला होता, तो तर सुरुवातीचा भाग! तेव्हा खेळाडू एकमेकांना कळकळीने सांगायचे, तिथून बाहेर पडा, पुढे खरी गोष्ट आहे. मी ऐकलं नाही. दोन वर्षांनी पुढे गेलो तेव्हा कळलं काय हुकलं होतं.

केळीबाग भाऊ, ‘स्कायरिम’मधली चोरांच्या टोळीची किरकोळ कामं पण करता का? गेम ती आपोआप तयार करतो, एक संपलं की दुसरं.

केळीबाग:
केली होती. तीसेक झाल्यावर कळलं की ही ओळ संपणारच नाही. तिथे मीही सोडलं. स्केलिगेच्या पेट्या मोजक्या आहेत, माझ्या सतरा राहिल्यात. त्या काढणार.