गव्याचा माग काढणाऱ्या सेन्सरांची बॅटरी कशी वाचवावी?

प्रश्न (सत्तरी)
नमस्कार. आमच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) रात्री गवे उतरतात. ते कोठून शिरतात आणि कोणत्या वाटेने जातात हे कळावे म्हणून मी ४० मीटरांच्या अंतराने १२ नोड (बॅटरीवर चालणारी छोटी उपकरणे) बसवले आहेत. प्रत्येकात पीआयआर सेन्सर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) व लोरा रेडिओ (कमी विजेत दूरवर छोटे निरोप पाठवणारा) आहे आणि तिघांवर कॅमेरा आहे. माग नीट लागतो, परंतु पाचव्या दिवशी २५०० एमएएचची बॅटरी संपते. पोफळींच्या दाट सावलीत सोलर पॅनलचा उपयोग होत नाही.

उत्तर (फोंडा)
पीआयआर सेन्सर काही मायक्रोअँपिअरवर चालतो. बॅटरी खातो तो सतत ऐकत बसलेला रेडिओ. रेडिओ आणि प्रोसेसर मिळून २० मिलिअँपिअर धरले, तर १२५ तास, म्हणजे आपले पाच दिवसच होतात. निरोप पाठवणे क्षणाचे काम असते. घरच्या रिसीव्हरला थेट निरोप पोहोचत असेल, तर नोडने ऐकूच नये. हालचाल दिसली की सेन्सरनेच प्रोसेसरला उठवावे, निरोप पाठवावा आणि पुन्हा झोपावे. बोर्डावरचा लाल दिवाही काढून टाका, कारण झोपेतही तो मिलिअँपिअरमध्ये वीज घेत राहतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आठ नोडांचे काम याने होईल. मात्र ओहळाकडचे चार नोड खोलगट भागात असल्याने त्यांचा निरोप मधल्या दोन नोडांमार्फतच घरी येतो.

उत्तर (डिचोली)
मग त्या दोघांनी दर दोन सेकंदांनी काही मिलिसेकंदच कानोसा घ्यावा, आणि पाठवणाऱ्याने निरोपाआधीचा सूचक संकेत, म्हणजेच प्रिअ‍ॅम्बल दोन सेकंदांहून थोडा लांब ठेवावा, म्हणजे त्या दोघांच्या झोपेत निरोप निसटणार नाही. पाठवण्याचा खर्च वाढेल, परंतु गवा रात्रभर येत नाही. त्याची चाल सेकंदाला सुमारे एक मीटर धरली, तर पुढच्या नोडपर्यंत ४० सेकंद मिळतात, त्यामुळे दोन सेकंदांचा उशीर चालतो.

खरी बचत कॅमेऱ्यांत आहे. शेवटच्या दोन नोंदींवरून दिशा आणि वेग काढावा व वाटेतला पुढचा कॅमेरा तेवढाच आधी उठवावा, कारण त्याला तयार व्हायला काही सेकंद लागतात. त्यासाठी कॅमेऱ्याच्या नोडांनाही असाच कानोसा घ्यावा लागेल. अपेक्षित वेळेत गवा दिसला नाही, तर आजूबाजूचे कॅमेरेही उठवावेत. एप्रिल-मे महिन्यांत हवा आणि जनावराचे अंग यांच्या तापमानातला फरक कमी होतो व पीआयआरचा पल्ला घटतो. त्या दिवसांत अंदाज चुकण्याची शक्यता अधिक असते.

प्रश्नकर्ता
ओहळापाशी वाट दोन्हीकडे फुटते. तेथे काय करावे?

उत्तर (डिचोली)
तेथे अंदाज बांधू नका. दोन्ही फाट्यांवरचे कॅमेरे उठवा आणि एका बाजूला हालचाल दिसताच दुसरा झोपवा.